चराईवरची मोजणी

पुणे
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

फेब्रुवारीत तुम्ही पाठवलेले तक्ते मिळाले होते. उत्तर द्यायला आठ महिने लावले म्हणून रागवा, पण आधी पुढचं वाचा.

जानेवारीत मला प्रबंध द्यायचा आहे. सहा वर्षं भोवत्या नावाच्या या शिकारी पक्ष्यांच्या मागे फिरले आणि आता सगळे आकडे एकत्र मांडले तर मन खचतं. थंडीत ते कझाकस्तानाकडून येतात, दिवसभर माळावर शिकार करतात आणि संध्याकाळी उंच गवतात एकत्र झोपायला उतरतात, हे तुम्हीच मला नववीत असताना सांगितलं होतं. ते उतरण्याचे माळ राहिले नाहीत. मी असे अकरा रातथारे, म्हणजे त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागा, मोजणीसाठी धरले होते. जिथे दोनशे पक्षी उतरायचे तिथे आता तीस उतरतात. कागदावर दहा रेघा खाली जातात आणि एकच सरळ चालते. ती तुमची, बरगी धरणाजवळच्या गुरांच्या चराईची. २०२१ मध्ये १४०, मग १३८, १४१ आणि मागच्या वर्षी १४६.

माझ्या गाइड अमिता मॅडम परवा म्हणाल्या, या एका जागेत असं काय आहे ते शोध, तोच तुझा प्रबंध. मी तोच भाग लिहिते आहे. शिवाय ती चराई राखीव राहावी म्हणून वनखात्याकडे अर्जही केला आहे, तुमचे आकडे जोडून.

तीन वर्षांत मी तिकडे फिरकले नाही. आता येते. २२-२३ नोव्हेंबर, शनिवार-रविवार. दोन्ही संध्याकाळी आपण चराईलगतच्या नथ्थूकाकांच्या शेताच्या बांधावर बसू.

एक विचारायचं होतं. तीन वर्षं पत्र आणि तक्ते मामीच्या अक्षरात येतात. तिचं अक्षर चांगलं आहे, पण मला तुमच्या त्या नकाशावरच्यासारख्या सरळ अक्षरांची सवय आहे. फोनवरही तुम्ही दोन मिनिटांत ‘ठेवतो’ म्हणता. बरे आहात ना?

तुमची,
चैत्राली


मदन महल, जबलपूर
२५ ऑक्टोबर २०२५

चैत्राली बेटा,

पत्र इंदूने दोनदा वाचून दाखवलं. हात थरथरतो आजकाल, म्हणून ती लिहून राहिली आणि मी खुर्चीत बसून सांगून राहिलो. सत्तरीला लागलो, एवढं चालायचंच. सिंचन खात्यात चाळीस वर्षं नकाशे काढले, बरगीचं पाणी कुठवर चढेल त्याची रेघ या हाताने ओढली, आता हाताने सुट्टी मागितली तर काहून नाही म्हणायचं?

रेघ सरळ आहे ऐकून फार बरं वाटलं. बाकीच्यांचे आकडे खाली काहून गेले ते ते जाणोत. आपली जागा चांगली आहे. तुला आठवत असेल, सूर्य टेकला की आधी एक नर येतो, राखेसारखा पांढरट, गवताच्या शेंड्यांना लागून. पंख वर उचललेले, फडफड नाही. एक चक्कर, दुसरी चक्कर, आणि एकदम खाली. मग सगळीकडून यायला लागतात, आणि आवाज म्हणशील तर काही नाही. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी गेलो होतो, सदतीस उतरले. हंगामाच्या सुरुवातीला एवढे म्हणजे या वर्षी दीडशे पार होतील.

तुझ्या येण्याचं म्हणशील तर मी म्हणतो घाई करू नको. बरगीकडचा रस्ता खोदून ठेवला आहे. इंदूचे गुडघेही दुखतात. तू आधी प्रबंध देऊन टाक, मग निवांत ये. तक्ते मी पाठवतोच आहे. तू पाहिलं काय न् मी पाहिलं काय, एकच आहे.

आशीर्वाद.
मामा


पुणे
३ नोव्हेंबर २०२५

मामा,

तिकीट काढलं. शनिवारी सकाळी मदन महल स्टेशनवर उतरते, आणायला येऊ नका. मामीच्या गुडघ्यांसाठी मी टॅक्सी करणार आहे आणि इथून पट्टाही आणते. तेव्हा तीही कारणं संपली.

नवीन दुर्बीण घेतली आहे, तिपाईवरची. पहिल्यांदा तुम्हीच तिच्यातून पाहायचं.

चैत्राली


पुणे
२७ नोव्हेंबर २०२५

मामी,

हे पत्र तुला एकटीला आहे. फोन केला तर मामा शेजारी असतात. घरच्या पत्त्यावरच पाठवते आहे, कारण मामांना ते वाचता येणार नाही हे आता मला माहीत आहे.

स्टेशनवर नको म्हटलं तरी तुम्ही दोघं आला होता. मामांनी बॅग घ्यायला हात पुढे केला, तो बॅगेच्या वीतभर बाजूला. बोलताना ते माझ्या खांद्यामागे बघत होते. मला वाटलं गर्दीमुळे. घरात ते सरळ चालतात, चहाचा कप बरोबर उचलतात, म्हणून दुपारपर्यंत मी स्वतःची समजूत घातली. मग मी दुर्बीण लावून दिली आणि त्यांनी डोळा भलत्याच बाजूने नेला. तू तेव्हा पटकन त्यांच्या खांद्याला धरून त्यांना वळवलंस. तू हे किती वेळा केलं असशील, असं मनात आलं.

चराई कुठे आहे, मामी? मी गाडीतून उतरले तर जिथवर नजर जाईल तिथवर मटर. पाण्याचे पंप, फवारणीचे डबे. नाल्याच्या कडेला खोलीभर गवत उरलं आहे, त्याच्यासमोर नथ्थूकाकांनी खाट टाकून ठेवली होती. मामांना तू गवताकडे तोंड करून बसवलंस. त्यांनी हात लांब करून गवताची पाती चाचपली आणि मला म्हणाले, ‘बघ, अजून कंबरेएवढं आहे.’

पाच ते सव्वासहा मी मोजत होते. चार पक्षी आले. तीन माद्या, एक नर. नर तर उतरलाच नाही, दोन चकरा मारून नदीकडे निघून गेला. मी चार म्हणायला तोंड उघडलं आणि तू माझा हात दाबलास. मामांनी विचारलं, ‘किती झाले?’ तू म्हणालीस, ‘सहासष्ट.’ मामा हसले, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

रविवारी तुम्ही दोघं खाटेवर असताना मी नथ्थूकाकांना बाजूला नेलं. ते म्हणाले, ‘बिटिया, गाँव में चरनोई बँट गई. ज़मीन मिली तो जोतेंगे नहीं? भाभीजी ने कहा था बाबूजी को मत बताना, तो नहीं बताया.’ चराई वाटून घेतली म्हणून त्यांना दोष कसा देणार? त्यांच्या नातवंडांची त्यावर फी भरली जाते.

मला एवढंच सांग. कोणता आकडा खरा आहे? २०२१ चा? २२ चा? एक तरी?

चैत्राली


मदन महल
४ डिसेंबर २०२५

चैत्राली,

ते झोपले आहेत दुपारचे, म्हणून लिहून राहिली. मला तुझ्यासारखं मांडून लिहिता येत नाही.

२०२१ चा आकडा त्यांचा आहे, तो खरा. त्यानंतरचे सगळे माझे.

काचबिंदू आहे त्यांना. इथले लोक काला मोतिया म्हणतात. नागपूरला दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही, उरली ती सांभाळू. औषध रोज घातलं मी, एक दिवस चुकली नाही, तरी उरलेली पण गेली. समोर पैशाएवढं गोल दिसायचं, आता तेही धुकट. तुला सांगायचं नाही म्हणाले. ‘आंधळ्याची मोजणी कोण घेईल, ती दुसरा माणूस पाहील,’ असं म्हणाले. नोकरी गेली, नकाशे गेले, पेपर वाचणं गेलं. त्यांच्या हातात तेवढंच राहिलं होतं, की तू त्यांचं काम घेतेस.

मग मला शिकवलं. साठाव्या वर्षी मी शिकली, पंख असे वर धरले की भोवत्या, शेपटीच्या मुळाशी पांढरं दिसलं की मादी. घार वेगळी, शिकरा वेगळा. मला आवडायला लागलं होतं खरं सांगते. बावीस साली पहिल्या संध्याकाळी मी जीव लावून मोजलं आणि साठ सांगितले. होतेच तेवढे. अर्धी चराई तेव्हा नांगरून झाली होती. ते म्हणाले, नीट पाहा. मी म्हटलं, नीटच पाहिलं. तर म्हणाले, ‘तुझ्याने होत नाही. पक्षी येऊन राहिले आणि तुला दिसून नाही राहिले. मी असा झालो नसतो तर...’ आणि तक्ता फाडला. घरी येऊन जेवले नाहीत. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी त्यांना चाळीस वर्षांत तसं पाहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी मोजत गेली, आणि खरे संपले तरी मोजत गेली. सत्तर, ऐंशी, शंभर. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मोजून राहिली होती मी. एकशे अडतीसला त्यांचा चेहरा मोकळा झाला, तिथे थांबली. मला काय माहीत तू त्याची रेघ काढशील.

खरे आकडे मी कुठे लिहिले नाहीत. त्या वर्षी साठ, पुढच्या वर्षी वीस-पंचवीस असतील, मागच्या वर्षी हाताच्या बोटांवर. तुझ्या काही कामाचं नाही हे मला समजतं.

जे रद्द करायचं ते कर. माझं नाव घे सगळीकडे, मामीने खोटं सांगितलं म्हण. पण त्यांना सांगू नको. हात जोडते. तू गेली तरी ते रोज तुझ्याबद्दलच बोलून राहिले.

इंदू


मदन महल, जबलपूर
९ डिसेंबर २०२५

चैत्राली बेटा,

तू गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतं. तुझी दुर्बीण छान आहे, फक्त माझ्या चष्म्याशी जमली नाही.

सोबत नवा तक्ता आहे. शनिवारी ६ तारखेला परत गेलो होतो. एकशे अठरा! मी इंदूला म्हटलं, चैत्राली दोन आठवडे थांबली असती तर तिने हे पाहिलं असतं. अजून थंडी वाढायची आहे, दीडशेचं मी म्हटलंच होतं.

हे प्रबंधात जरूर घाल. आणि तो वनखात्याचा अर्ज, त्यावर माझं नाव घालता येईल का? सूर्यकांत, सेवानिवृत्त ड्राफ्ट्समन, एवढंच. धरणाच्या वेळी मी काढलेल्या रेघेखाली बरीच गावं गेली. एखादी जागा वाचली असं कुठे लिहिलेलं असलं तर बरं वाटेल.

मामा


पुणे
१६ डिसेंबर २०२५

मामी, हे पत्र मामांना आहे. जसं आहे तसं वाचून दाखव. एकही शब्द गाळू नको आणि एकही आकडा बदलू नको. तुझं ऐकायचं मी ठरवलं होतं, पण एकशे अठराचा तक्ता आला आणि मला समजलं की हे असंच चालेल.

मामा,

शनिवारी २२ नोव्हेंबरला मी चार पक्षी मोजले. रविवारी तीन. सहासष्ट नव्हते. ६ डिसेंबरला एकशे अठरा असूच शकत नाहीत, कारण उतरायला जागाच नाही. चराई गावात वाटली गेली आणि तिथे मटर लावला आहे. तुम्ही हात लावलात ते गवत नाल्याच्या कडेचं आहे, आपल्या पुढच्या खोलीएवढं. तीन वर्षं मामी तुम्हाला जास्त आकडे सांगत आली, कारण पहिल्यांदा खरं सांगितलं तेव्हा तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवला नाहीत. आणि तुम्ही मला डोळ्यांचं सांगितलं नाहीत, कारण मीही तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवणार नाही असं तुम्हाला वाटलं.

मी अमिता मॅडमना सगळं सांगितलं. तो भाग काढला आहे. वनखात्याचा अर्ज मी स्वतः जाऊन मागे घेतला. तिथले साहेब चांगले होते, म्हणाले बरं झालं, आम्ही पाहणीला माणूस पाठवणारच होतो. आता बाकीच्या दहा जागांचे आकडेही पुन्हा तपासायला सांगितलं आहे, आणि ते बरोबरच आहे. माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. जानेवारीत प्रबंध जाणार नाही. त्यानंतर काय होईल ते मला माहीत नाही.

यात माझाही दोष आहे. दहा ठिकाणी पक्षी संपत होते तर अकराव्या ठिकाणी का नाही, हे मी आधीच येऊन पाहायला हवं होतं. तुमचे आकडे चांगले होते म्हणून मी आले नाही. मला ते खरे हवे होते.

मामीवर रागावू नका असं म्हणायचा मला अधिकार नाही. मी स्वतः अजून रागावले आहे, तुमच्यावर आणि तिच्यावरही. पण तुम्हाला फसवलेलं ठेवून मला तुमच्याशी पूर्वीसारखं बोलता येणार नाही.

चैत्राली


मदन महल, जबलपूर
१९ जानेवारी २०२६

चैत्राली,

हे मी स्वतः लिहून राहिलो. कागदावर पट्टी ठेवली आहे आणि ओळ झाली की बोटाने पट्टी खाली सरकवतो. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर माफ कर.

इंदूने तुझं पत्र पूर्ण वाचलं. पहिल्या आकड्याशी थांबली, उठून आत गेली, पाणी प्यायली. मला वाटलं आता येणार नाही. परत येऊन बसली आणि ‘चार’ वाचलं. मग शेवटपर्यंत एका आवाजात वाचलं, स्वतःबद्दलचंही. घडी करून पत्र माझ्या हातात दिलं.

मी तिच्याशी नऊ दिवस बोललो नाही. ती जेवणाचं ताट ठेवायची, वाटी कुठे आहे ते सांगायची, मी जेवायचो. दहाव्या दिवशी मला समजलं की मी तिच्यावर नाही, स्वतःवर रागावून राहिलो. माझं मलाच माहीत होतं, बेटा. मी उदास असलो की आकडा वाढायचा. ढगाळ संध्याकाळी पण शंभर व्हायचे. कधी कधी ती इतकं भराभर मोजायची की तेवढ्या वेगाने पक्षी उतरूच शकत नाहीत. तीस वर्षं पाहिलेल्या माणसाला हे समजत नाही काय? बाजूने पंप चालल्याचा आवाज यायचा, औषधाचा वास यायचा, मी विचारलं नाही. मी नथ्थूला एकदाही विचारलं नाही. तिने खोटं सांगितलं आणि मी ते मागून घेतलं.

त्यात तुझी सहा वर्षं गेली. नुसतं ‘चुकलं’ लिहिलं तर पुरणार नाही म्हणून लिहीत नाही.

आता घरात आम्ही फार बोलत नाही. ती मला खोटं सांगायची तेव्हा जास्त बोलायचो. येताना बसमध्ये ती सांगायची, नर कसा आला, कुठून वळला, आणि मला दिसायचं. ते सगळं गेलं. ती जवळ बसते, मी जवळ बसतो. ती म्हणते, काही वाचून दाखवू का. मी नको म्हणतो, कारण वाचताना ती काही बदलते काय असं मनात येतं, आणि तसं मनात आलेलं तिला समजतं.

परवा शनिवारी मी म्हटलं, चल, जाऊ. ती नको म्हणत होती. गेलो. नथ्थूने माफी मागायला सुरुवात केली, मी त्याला थांबवलं. खाट त्याने नाल्याकडे टाकली होती, ती मी फिरवून घेतली, शेतांकडे तोंड करून. बसल्यावर मी तिला म्हटलं, ‘इंदू, काय दिसतं ते सांग.’

‘मटर,’ ती म्हणाली.

‘अजून?’

‘पंपापाशी दोन बगळे. एक बाई फवारणी करून राहिली.’

मग बराच वेळ आम्ही बसून होतो. ऊन उतरल्याचं मला गालावर समजतं. मी विचारलं, ‘आता?’ मला तिचा श्वास ऐकू येत होता. मला तेव्हा वाटलं, चैत्राली, की तिने एक तरी म्हणावं. एक म्हटलं असतं तरी मी धरून घेतलं असतं.

‘नाही हो,’ ती म्हणाली. ‘काहीच नाही.’

अंधार झाला तरी आम्ही वीस मिनिटं थांबलो, नियमाप्रमाणे. ती रडून राहिली होती, मी तिचा हात धरला नाही. धरायला हवा होता. बसमध्ये धरला.

तक्त्याचे छापील कागद मी टाकून दिले, म्हणून इथेच लिहितो. तुझ्या कामाचं नसलं तरी ठेव.

शनिवार, १७ जानेवारी २०२६. बरगीजवळची चराई. वेळ संध्याकाळी पाच ते साडेसहा. आकाश स्वच्छ, वारा नाही. उतरलेले भोवत्या: शून्य. पाहणारी, इंदू. लिहिणारा, सूर्यकांत.